वाचक विचारतात : मिलीबग, डास आणि भावकी

ह्या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून बरेच प्रश्न आले. नेहमीप्रमाणे दोघा-तिघांनी लॉटरीचा नंबर विचारलाय, त्यांना नेहमीचंच उत्तर, की तो मला कळत असता तर मी हे सदर लिहीत बसलो नसतो. बाकीची पत्रं वाचताना मात्र लक्षात आलं की द्राक्षबाग असो, डेंग्यू असो नाहीतर गवत असो, सगळे फिरून फिरून एकच विचारतायत, हे सगळीकडे सारखं का नाही पसरत, एका जागी गोळा का होतं. म्हणून ह्या अंकात तेवढंच घेतलंय.

प्रश्न : नमस्कार सर. निफाड तालुक्यात आम्हा दोघा भावांच्या द्राक्षबागा शेजारी शेजारी आहेत, माझ्या प्लॉटात ४० लाईनी. गोडी छाटणीनंतर दोघांनी वीस-वीस झाडं तपासून मिलीबग (पिठ्या ढेकूण) मोजले. दोघांचीही बेरीज ४० भरली, म्हंजे झाडामागे सरासरी २. फार नाही म्हणून दोघांनी फवारणी पुढे ढकलली. भावाचं निभावलं, माझ्या दोन लाईनींचे घड चिकट्यानं काळे पडले. सरासरी सारखी असताना असं कसं झालं? दोघांचे आकडे सोबत पाठवतोय. माझी वीस झाडं मी चार लाईनींतून पाच-पाच अशी घेतली होती.

उत्तर : दादा, आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत, नुसती सरासरी कळवली असती तर मी पण 'नशीब' म्हणून मोकळा झालो असतो. तुमच्या भावाच्या वीस झाडांत ३ कोरी, ५ वर एकेक, ५ वर दोन-दोन, ४ वर तीन-तीन, २ वर चार-चार आणि एका झाडावर पाच. तुमच्याकडे १५ झाडं साफ कोरी, आणि उरलेल्या पाचांवर २, ३, ५, ९ आणि २१. आणि ही पाचही झाडं, तुम्हीच कागदावर लिहिलंय, एकाच लाईनीतली. बेरीज दोन्हीकडे ४० असली तरी हा मामला वेगळा आहे हे डोळ्यांनाच दिसतंय, पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून एक छोटा हिशोब करू.

प्रत्येक झाडाचा आकडा घ्या, त्यातून सरासरी २ वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा, वीसही झाडांचे वर्ग बेरीज करा आणि १९ नं भागा (२० नं का नाही हे आत्ता विचारू नका, ते समजावत बसलो तर डासांना जागा उरणार नाही). ह्याला व्हेरियन्स म्हणतात. भावाची बेरीज येते ३८, भागिले १९ म्हंजे २. तुमची बेरीज ४८०, भागिले १९ म्हंजे २५ च्या वर. आता व्हेरियन्सला सरासरीनं भागा. भावाचा आकडा आला १, तुमचा साडेबाराच्याही वर.

हा जो १ आहे ना, तो फार कामाचा आकडा आहे. कुणी मूठभर दाणे डोळे मिटून शेतभर उधळले, कुठला दाणा कुठे पडला ह्याच्याशी दुसऱ्या दाण्याला काही देणंघेणं नाही, असं असेल तर हा भागाकार १ च्या आसपास येतो. सिमेओं प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितीनं १८३७ मध्ये ह्याचं सूत्र मांडलं, म्हणून अशा उधळणीला प्वासाँचं नाव आहे. वीसच झाडं मोजलीत तर निव्वळ योगायोगानं तो आकडा अर्ध्यापासून पावणेदोनपर्यंत कुठेही हलू शकतो, तेवढं चालवून घ्यायचं. साडेबारा चालवून घेता येत नाही. तुमचे मिलीबग उधळलेले नाहीत, ते एका घरातून निघालेले आहेत.

आणि ते साहजिकही आहे. मादी फारशी हलत नाही, कापसासारख्या पुंजक्यात शेकडो अंडी एकाच जागी घालते, पिल्लं निघाली की चालत चालत जेमतेम शेजारच्या काडीपर्यंत, फार तर मुंगळे इकडेतिकडे पोचवतात किंवा मजुरांच्या कपड्याला चिकटून पुढच्या झाडावर, आणि मजूर तर लाईनीनंच चालतो. १९३९ मध्ये येर्झी नेमन ह्या संख्याशास्त्रज्ञानं शेतातल्या अळ्यांच्या बाबतीत नेमकं हेच मांडलं. आधी अंड्यांचे पुंजके उधळले जातात आणि मग प्रत्येक पुंजक्यातून अळ्या आसपास पसरतात, असा दोन पायऱ्यांचा हिशोब केला तर शेतातले आकडे जुळतात, एका पायरीच्या प्वासाँनं जुळत नाहीत. पुढे १९५२ मध्ये नेमननं एलिझाबेथ स्कॉट ह्यांच्याबरोबर हीच कल्पना आकाशगंगांचे पुंजके समजून घ्यायला लावली. मिलीबग आणि आकाशगंगा एका सूत्रात, मला तरी हे वाचून दोन दिवस बरं वाटलं होतं.

आता तुमच्या मोजणीबद्दल. ४० लाईनींत दोन खराब, आणि तुम्ही चारच लाईनींत शिरलात. अशा मोजणीत दोन्ही खराब लाईनी हुकण्याची शक्यता ८१ टक्के होती, म्हंजे ह्या वेळी एक तरी सापडली ती पाचातल्या एका वेळची गोष्ट. तेवढीच वीस झाडं तुम्ही वीस वेगवेगळ्या लाईनींतून एकेक करून घेतली असती तर हुकण्याची शक्यता २४ टक्क्यांवर आली असती, आणि ४० लाईनींत एकेक झाड बघितलं असतं तर लाईनभर पसरलेली कीड सुटलीच नसती. वीस झाडं कुठूनही घेतली तरी मोजायला वेळ तेवढाच लागतो, फक्त चालायला जास्त लागतं. म्हणून पुढच्या वेळी लाईनीतून सरळ जाऊ नका, बागेतून तिरपे चला. आणि सरासरीशेजारी कोरी झाडं किती ते पण लिहा. सरासरी २ असताना उधळणीच्या हिशोबानं वीसातली दोन-तीनच कोरी निघायला हवीत, पंधरा कोरी निघाली की समजायचं, कुठेतरी अड्डा आहे. फवारणी कसली आणि कधी, ते तुमच्या कृषी सहायकाला विचारा, त्यातलं मला कळत नाही.

प्रश्न : सर, मी सिडकोत राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत चौघांना डेंग्यू झाला, शेजारच्या गल्लीत एकालाही नाही. लोक म्हणायला लागले आमच्या गल्लीतच काहीतरी दोष आहे, एका आजींनी तर शांत करून घ्या म्हणून सांगितलं. हा योगायोग आहे का खरंच काही कारण असेल?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती उलटसुलट आहेत, त्यामुळे अर्ध्यावर वाचून सोडू नका.

पहिलं उत्तर समजावं म्हणून मी परवा घरी बुद्धिबळाचा पट काढला आणि नातीला हाताशी घेतलं. पत्त्यांतले इस्पिकचे एक्का ते अठ्ठी एका बाजूला आणि बदामचे एक्का ते अठ्ठी दुसऱ्या बाजूला. दोन्हीतून एकेक पान ओढायचं, इस्पिक आडवी ओळ सांगणार, बदाम उभी, त्या घरात वालाचा एक दाणा ठेवायचा, पानं परत मिसळायची. असं ६४ वेळा. घरं ६४, दाणे ६४, म्हंजे घरटी एक. तिसाव्या दाण्याला नात कंटाळली, चिक्कीवर परत आली. शेवटी मोजलं तर २६ घरं रिकामी, २० घरांत एकेक, ११ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन, आणि एका उंटाच्या घरात चार. नात लगेच म्हणाली, आबा तुम्ही चीटिंग केली, इथे मुद्दाम टाकलेत. पट बघून कुणालाही तसंच वाटलं असतं, एका कोपऱ्यात दाटी आणि मधे चांगली सहा-सात घरं सलग मोकळी. पण प्वासाँच्या हिशोबानं साधारण २३-२४ घरं रिकामी राहणार, चार दाणे किंवा त्याहून जास्त असलेलं एखादं घर बहुतेक निघतंच. दाटीमागे कुणाचाही हात नाही, नातीचा पण नाही आणि माझा पण नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये हेच झालं होतं. १९४४ मध्ये जर्मनांचे उडते बॉम्ब पडायला लागले आणि लोकांची खात्री झाली की काही भाग मुद्दाम धरून मारतायत. १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क नावाच्या विमा गणितज्ञानं दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन केले आणि त्यात ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौकोन कोरे होते, हिशोब म्हणत होता २२७. एकच बॉम्ब पडलेले २११, हिशोब पण २११. दोन पडलेले ९३, हिशोब ९९. तीनचे ३५, हिशोब ३१. चारचे ७ आणि हिशोब पण ७. त्या भागापुरतं बघितलं तर नेम वगैरे काही नव्हता, वालाचे दाणेच.

आता तुमची गल्ली. समजा तुमच्या भागात शंभर गल्ल्या आहेत आणि पेशंट पण शंभरच, सरासरी गल्लीला एक. कसलंही कारण नसताना ३७ गल्ल्या साफ कोऱ्या राहतील आणि दोनएक गल्ल्यांत चार किंवा जास्त पेशंट निघतील. त्या दोन गल्ल्यांतली माणसं मला पत्र लिहितात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव गल्ल्यांतून 'सर, आमच्याकडे सगळं सरासरी आहे, असं का' असं पत्र मला आजवर आलेलं नाही. म्हणून शांत वगैरे राहू द्या.

हे झालं पहिलं उत्तर. दुसरं असं की डेंग्यू बॉम्बसारखा वरून पडत नाही. एका बॉम्बमुळे दुसरा बॉम्ब पडत नाही, पण एका पेशंटला चावलेला डास काही दिवसांनी शेजाऱ्याला चावू शकतो. आणि हा डास लांबचा प्रवासी नाही. दिशाहीन भटकण्याच्या हिशोबाची एक सुरुवात डासापासून झालीय हे कमी लोकांना माहीत असतं. रोनाल्ड रॉस, ज्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला आणि १९०२ चं नोबेल मिळवलं, त्यांना पुढे प्रश्न पडला की एखाद्या जागेभोवती डासांची पैदास बंद केली तर बाहेरचे डास किती आतपर्यंत येतील. डास जन्मतो एका डबक्यात, मग मन मानेल तिकडे वळत वळत उडतो, तर मरेपर्यंत किती लांब पोचेल? १९०४ मध्ये त्यांनी हा हिशोब व्याख्यानात मांडला, मग कार्ल पिअर्सन ह्यांनी १९०५ मध्ये 'नेचर'मध्ये तो प्रश्न जाहीरपणे विचारला आणि रँडम वॉक हे नाव तिथून रूढ झालं. उत्तर असं, की दिशा दर वेळी नव्यानं ठरत असेल तर अंतर टप्प्यांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढतं. दहा-दहा मीटरचे शंभर टप्पे उडला तर एकूण उडणं झालं एक किलोमीटर, पण घरापासून पोचला साधारण शंभर मीटरवर. म्हंजे एका कुंडीखालच्या ताटलीत जन्मलेले डास बहुतेक त्याच गल्लीत म्हातारे होतात.

मग योगायोग का डास, हे कसं ओळखायचं? नुसत्या नकाशावरून नाही ओळखता येणार, तारखा बघा. चार पेशंट म्हंजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीपुढे लिहा, घरं जवळ आहेत का आणि ताप येण्याच्या तारखा जवळ आहेत का. घरं जवळ आणि तारखा पण दोन-तीन आठवड्यांच्या आतल्या, अशा जोड्या जास्त निघाल्या तर तुमच्या गल्लीत साखळी होती असं धरायला जागा आहे. एक पेशंट जूनमध्ये, दुसरा ऑक्टोबरमध्ये आणि तिसरा मुंबईहून ताप घेऊनच आलेला असेल तर ती दाटी वालाच्या दाण्यांची. जॉर्ज नॉक्स ह्यांनी १९६४ मध्ये लहान मुलांच्या ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) ही जोड्यांची पद्धत वापरली, ती आजही वापरतात. चारावर पक्कं काही सांगता येत नाही हे खरं, आसपासच्या आठ-दहा गल्ल्यांच्या तारखा मिळवल्यात तर मी बसून करून देईन. तोवर फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचे टायर आणि तुळशीखालची ताटली आठवड्याला कोरडी करा, त्याला कुठल्याही हिशोबाची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न : काका, मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे. प्रोजेक्टसाठी कोड लिहिला. स्क्रीनवर १००० ठिपके सगळीकडे उधळले. प्रत्येक ठिपका मरतो आणि मरताना पोरं सोडतो, कुणाला ०, कुणाला १, कुणाला ३, पण सरासरी बरोब्बर १. पोर आईपासून थोडंसं सरकून बसतं. सगळ्यांना एकच नियम आहे, कुठली जागा चांगली-वाईट नाही, कुणी कुणाला ओढत नाही. तरी २०० पिढ्यांनी आठ-दहा गठ्ठे उरले आणि बाकी स्क्रीन रिकामा. तीन दिवस बग शोधतोय.

उत्तर : बग नाहीये रे. तू भावकी तयार केलीयस.

सुरुवातीच्या हजार ठिपक्यांना हजार मूळपुरुष समज. सरासरी एक पोर म्हंजे वंश टिकायला हवा असं वाटतं, पण पोरं प्वासाँच्या हिशोबानं होत असतील तर पहिल्याच पिढीत १०० पैकी ३७ जणांना एकही पोर नाही, वंश खलास. पुढे पुढे हा क्रम मंदावतो पण थांबत नाही. क्ष पिढ्यांनंतर वंश टिकण्याची शक्यता साधारण २ भागिले क्ष, म्हंजे शंभराव्या पिढीला शंभरातले दोन वंश उरतात आणि दोनशेव्या पिढीला एक. पण एकूण सरासरी तर बदलत नाही ना, मग जे दोन टिकले त्यांच्यात प्रत्येकी पन्नासएक माणसं असणार. हजारातले दहा वंश, प्रत्येकात सरासरी शंभरएक ठिपके, आणि पोर आईजवळच बसतं म्हणून सगळे एकाच भागात. हेच तुझे आठ-दहा गठ्ठे. वंश किती टिकतात हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन ह्यांनी १८७३ मध्ये आडनावांबद्दलच विचारला होता. हेन्री वॉटसन ह्यांनी उत्तर काढलं पण त्यात गफलत केली, सगळीच आडनावं शेवटी बुडणार असं म्हणून बसले, जे सरासरी एकपेक्षा जास्त असेल तर खरं नाही.

आपल्याकडे मळ्यांतल्या वस्त्या बघ, एका वस्तीवर सगळी एकाच आडनावाची घरं, ओढा ओलांडला की दुसरं आडनाव. खऱ्या गावात जमिनीची वाटणी, विहिरीचं पाणी, भांडणं असं शंभर कारणं असतात हे मान्य, मी फक्त एवढंच म्हणतोय की त्यातलं एकही कारण नसतं आणि मुलगा बापाच्या शेजारी घर बांधतो एवढंच असतं, तरी चित्र थोडंफार असंच दिसलं असतं.

आता तुझ्या गाईडना विचारता येईल असा मुद्दा सांगतो. तुझा कोड तू स्क्रीनवर म्हंजे दोन मितींत चालवलास. तोच एका रेषेवर चालवून बघ. क्ष पिढ्यांत एक वंश सरकत सरकत पसरतो क्ष च्या वर्गमुळाएवढा, डासासारखाच. पण टिकलेल्या दोन वंशांमधलं अंतर वाढतं क्ष च्या पटीत. दहा हजार पिढ्या धर, पसारा शंभराच्या घरात आणि मधली फट दहा हजाराच्या घरात, म्हंजे वाळवंटात लांब लांब वाड्या. दोन मितींत वंश जेवढं क्षेत्र व्यापतो ते क्ष च्या पटीत आणि एका टिकलेल्या वंशाच्या वाट्याला येणारं क्षेत्रही क्ष च्या पटीत, कुस्ती बरोबरीत, पण बारीक हिशोब केला की शेवटी गठ्ठेच जिंकतात, जरा सावकाश. तीन मितींत मात्र पसारा मोठा पडतो, वंश एकमेकांत मिसळतात आणि गठ्ठे तसे वाढत जात नाहीत. जॉर्ज पॉल्या ह्यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की रेषेवर किंवा सपाटीवर दिशाहीन भटकणारा कधी ना कधी घरी परत येतोच, तीन मितींत मात्र परत येण्याची शक्यता साधारण ३४ टक्केच. त्याचाच हा भाऊबंद आहे.

आणि तुला एकट्यालाच हे बोचलंय असं नाही. जो फेल्सनस्टाइन ह्यांनी १९७५ मध्ये लिहिलं की लोकसंख्या सगळीकडे सारखी पसरलेली, प्रत्येकाचे जन्ममृत्यू स्वतंत्र आणि पोरं आईजवळ, ह्या तिन्ही गोष्टी एकदम धरताच येत नाहीत, आणि जेनेटिक्सची बरीच मॉडेलं तेव्हा नेमक्या तिन्ही धरून चालली होती. उपाय म्हणजे जागेची मारामारी घाल. आसपास गर्दी असेल तर पोरं कमी, मोकळं असेल तर जास्त. सगळ्यात साधं असं मॉडेल टी. ई. हॅरिस ह्यांनी १९७४ मध्ये दिलं, एका जागेवर एकच जण, तो एका दरानं मरतो आणि शेजारच्या प्रत्येक रिकाम्या जागेवर ठराविक दरानं पोर टाकतो. मरण्याचा दर १ धरला तर रेषेवर पोर टाकण्याचा दर साधारण १.६५ च्या वर असेल तरच वस्ती टिकू शकते, खाली असेल तर आज ना उद्या सगळं रिकामं. दोन्ही कोड शेजारी शेजारी चालवून चित्रं लाव, प्रोजेक्ट झाला. तीन दिवस बग शोधलास ते पण रिपोर्टात लिही, परीक्षकांना आवडतं.

प्रश्न : आमच्या सिन्नरच्या शेताच्या कडेनं गाजरगवत वाढलंय. दर वर्षी किती पुढे येईल ह्याचं काही सूत्र आहे का? उपटायला मजूर मिळत नाहीत, सुरुवात कुठून करू?

उत्तर : सूत्र आहे, आणि ते गाजरगवताला पुरतं लागू पडत नाही, दोन्ही खरं. १९३७ मध्ये इंग्लंडात फिशर आणि त्याच वर्षी मॉस्कोत कोल्मोगोरोव्ह आणि त्यांचे दोन सहकारी, ह्यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की जे वाढत पण जातं आणि थोडं थोडं सरकत पण जातं त्याची धार ठराविक वेगानं पुढे येते. वेग म्हंजे वाढीचा दर गुणिले पसरण्याचा दर, त्याचं वर्गमूळ, दुप्पट करून. गंमत अशी की वाढ चौपट झाली तरी धार दुप्पटच वेगानं येते. १९५१ मध्ये स्केलम ह्यांनी मस्करॅट नावाच्या उंदराच्या जातीवर हे तपासलं. १९०५ मध्ये प्रागजवळ पाच मस्करॅट सोडले होते ते मध्य युरोपभर झाले, आणि त्यांनी व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ वर्षांसमोर मांडलं तर जवळजवळ सरळ रेघ आली.

पण त्याच लेखात स्केलमनी ओकच्या झाडाचं पण लिहिलंय. हिमयुगानंतर ओक ब्रिटनमध्ये जेवढ्या उत्तरेला पोचला तेवढा झाडाखाली फळ पडून पोचूच शकत नव्हता, कुणीतरी पक्ष्यांनी वगैरे फळं लांब नेली असणार. गाजरगवताचं तसंच. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर देशभर गेलं ते चालत नाही गेलं, धान्याची पोती, ट्रकचे टायर, मुरूम आणि जेसीबीला चिकटलेली माती ह्यातून उड्या मारत गेलं. एका झाडाला हजारो बिया, त्यातली एक जरी हायवेनं घोटीला उतरली तर सूत्र बाजूला राहतं. तुम्ही पण आठवून बघा, तुमच्याकडे ते शेजारच्या बांधावरून आलं का रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला तिथून.

आणि म्हणूनच सुरुवात मोठ्या पट्ट्यापासून करू नका. समजा एक मोठा गोल डाग आहे ५० मीटर त्रिज्येचा, आणि इकडेतिकडे २ मीटर त्रिज्येचे २५ छोटे डाग. मोठ्याचं क्षेत्र साडेसात हजार चौरस मीटरच्या वर, छोट्या सगळ्यांचं मिळून ३१४. पण गवत पुढे येतं ते कडेनं, आणि मोठ्याची कड ३१४ मीटर, छोट्या पंचवीसांची मिळून पण ३१४ मीटर. म्हंजे पंचविसाव्या हिश्श्याएवढं उपटलंत की पसरणं निम्म्यावर. मूडी आणि मॅक ह्यांनी १९८८ मध्ये हेच दाखवलं होतं, आधी लांबचे छोटे डाग. फुलं यायच्या आत उपटा आणि हातमोजे घाला, ह्या गवतानं कातडीला खाज सुटते ती महिनोन्‌महिने जात नाही.

प्रश्न : कॉलेज रोडला कॅफेला लागून कॅफे, मिसळवाल्याशेजारी मिसळवाला. ह्यांना दुसरी जागा मिळत नाही का?

उत्तर : ही दाटी योगायोगाची पण नाही आणि भावकीची पण नाही, ही गिऱ्हाईकाची. हॅरॉल्ड हॉटेलिंग ह्यांनी १९२९ मध्ये एका सरळ रस्त्यावरच्या दोन दुकानदारांचा हिशोब मांडला, दोघंही जास्त गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायला मधे सरकत जातात आणि शेवटी एकमेकांना चिकटून बसतात. मिसळीच्या बाबतीत शेजाऱ्याकडे नंबर लागला नाही की आपल्याकडे येतात हा फायदा वेगळाच. जास्त तर्रीवाल्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला जाताना विजेच्या तारेवर पक्षी बसलेले दिसतात ते सारख्या अंतरावर असतात. तुमच्या हिशोबानं ते पण गठ्ठ्यानं बसायला हवेत ना?

उत्तर : नाही, हा तिसरा प्रकार आणि छान पकडलात. इथे प्रत्येक जण शेजाऱ्याला चोचीच्या अंतराबाहेर ठेवतो, त्यामुळे मीटर-मीटरचे तुकडे पाडून मोजलंत तर व्हेरियन्स सरासरीपेक्षा कमी येईल, भागाकार १ च्या खाली. न्यूझीलंडमध्ये वाइटोमोच्या गुहांत छताला चमकणाऱ्या अळ्या असतात त्यांचं असंच आहे, फार जवळ आलेलीला दुसरी खाऊन टाकते, म्हणून ते छत आपल्या आकाशापेक्षा जास्त सारखं दिसतं. खऱ्या आकाशात निव्वळ योगायोगानंही ताऱ्यांच्या आकृत्या होतात, त्या छतावर सहजी होत नाहीत. तुम्ही मात्र एकाच तारेवर एकाच जातीचे पक्षी घ्या आणि किमान तीस अंतरं मोजून पाठवा. फोटो तारेच्या अगदी समोरून काढा, तिरका काढलात तर लांबचे पक्षी एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि मग मला परत गठ्ठे सापडायला लागतील.